‘साभार परत’ तरी म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आषाढ लागला की पुण्यामुंबईतल्या दिवाळी अंकांच्या कचेऱ्यांत कथा जमू लागतात, आणि त्याच सुमारास राज्यभरातले तरुण चित्रकार आपल्या चित्रांचे नमुने पाठवून काम मागू लागतात. त्यांना कुणी बोलावलेले नसते, कुठे जाहिरात आलेली नसते आणि बहुतेकांची संपादकांशी ओळखही नसते. गेली सदतीस वर्षे मी पुस्तकांची मुखपृष्ठे आणि नियतकालिकांसाठी रेखाटने करते आहे, आणि त्यांतली शेवटची अकरा वर्षे एका दिवाळी अंकाच्या सजावटीची जबाबदारीही माझ्याकडे आहे. म्हणजे न बोलावता काम मागायला जाणे काय असते हे मला माहीत आहे, आणि न बोलावता आलेल्याला दारात पाहणे काय असते हेही. या दोन्ही अनुभवांवरून, न बोलावता आलेल्याला निदान उत्तर तरी द्यावे, एवढे मांडायचे आहे. पत्र लांबले आहे, तरी शक्य तेवढे छापावे, ही विनंती.

आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत मुलांना शिकवतात की विचारल्याशिवाय सांगू नये आणि बोलावल्याशिवाय जाऊ नये. पाहुणा म्हणून जाताना हे ठीक आहे. परंतु चित्र, सुलेखन, कथा, भाषांतर, छायाचित्रण यांसारख्या कामांत ही शिकवण पाळली, तर माणूस घरीच बसतो. कारण ही कामे जाहिरात देऊन वाटली जात नाहीत. कारखान्यात फिटर हवा असेल तर फाटकावर पाटी लागते, सरकारी जागा निघाली तर वर्तमानपत्रात छापून येते. पण ‘दोन कथांसाठी चित्रकार पाहिजे’ अशी जाहिरात मी सदतीस वर्षांत एकदाही वाचलेली नाही. संपादक आपल्या माहितीतल्या तीन-चार चित्रकारांना फोन करतात, ते मोकळे नसतील तर त्यांनाच ‘कुणी सुचवा’ म्हणतात, आणि काम वाटून संपते. यात संपादकांचा वाईट हेतू नसतो. हाताशी वेळ थोडा असतो आणि वेळेवर चित्र देईल असा माणूस त्यांना हवा असतो. पण परिणाम असा होतो की जो या माहितीच्या वर्तुळात जन्मला नाही, त्याला आत येण्यासाठी एकच दार उरते, आणि ते म्हणजे कुणी न बोलावता जाऊन आपले काम दाखवणे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून बाहेर पडलेल्या मुलाला निदान पुढच्या-मागच्या वर्षांतले विद्यार्थी जाहिरात संस्थांत बसलेले सापडतात. हिंगोलीच्या किंवा गडहिंग्लजच्या मुलीने, जिने शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिली, पुढे जवळच्या कला महाविद्यालयात शिकली, तिने कुणाचे नाव सांगायचे? भीड ही भिकेची बहीण, असे आपणच म्हणतो. मग जो भीड सोडून येतो त्याला आपण भिकाऱ्यासारखे का वागवतो?

माझा स्वतःचा अनुभव सांगते. १९८८ च्या जूनमध्ये मी सांगलीहून एस. टी. ने स्वारगेटला उतरले. जी. डी. आर्टचा, म्हणजे चित्रकलेच्या पदविकेचा, निकाल नुकताच लागला होता. काळ्या रेक्झिनचा एक फोल्डर कोल्हापुरात बॅगा शिवणाऱ्याकडून मुद्दाम मोठ्या मापाचा शिवून घेतला होता, त्यात चौदा चित्रे, प्रत्येकावर ट्रेसिंग पेपरचा पडदा. पाऊस होता म्हणून वडिलांनी तो फोल्डर युरियाच्या धुतलेल्या मोठ्या पिशवीत घालून सुतळीने बांधून दिला होता. बुधवार पेठ, नारायण पेठ, शनिवार पेठ असे मी तीन दिवस चालले. सात ठिकाणी गेले. दोन ठिकाणी साहेब नव्हते. तीन ठिकाणी चित्रे पाहिली, चहा दिला आणि ‘कळवू’ म्हणाले. त्यांतल्या एकाने खरोखरच सव्वा वर्षाने पोस्टकार्ड पाठवले. एका ठिकाणी व्यवस्थापकांनी फोल्डर उघडूही दिला नाही.

सातव्या ठिकाणच्या संपादकांनी मात्र जे केले, ते मी आजवर विसरलेले नाही. एका मासिकाची ती कचेरी होती, जिना लाकडी, खाली छापखाना. त्यांनी सुतळीची गाठ स्वतः सोडली, पिशवी खिडकीच्या गजाला निथळत ठेवली आणि मग एकेक चित्र दोन्ही हातांनी उचलून खिडकीकडे धरले. चौदाही पाहून झाल्यावर म्हणाले, “बाई, चित्रे चांगली आहेत, पण ती आमच्या उपयोगाची नाहीत. तुम्ही सगळीकडे वॉश (पाण्याने पातळ केलेल्या रंगाचा थर) वापरला आहे. आमच्या कागदावर वॉश छापला की चिखल होतो. शिवाय सगळी चित्रे उभी आहेत, आणि आम्हांला पानाच्या डोक्यावर आडवे चित्र लागते. नुसत्या रेषेची, आडवी सहा चित्रे करून आणा. आमचे मागचे चार अंक घेऊन जा, पैसे देऊ नका.” मी पंधरा दिवसांनी सहा चित्रे घेऊन परत गेले. त्यांनी दोन कथा हातात ठेवल्या. एका चित्राचे मानधन पंचाहत्तर रुपये होते. चित्रापेक्षा कागद आणि स्तंभाची रुंदी आधी पाहावी, हा धडा मी तेथे शिकले, आणि तो कॉलेजच्या पाच वर्षांत मला कुणी दिला नव्हता.

त्यांनी माझ्यासाठी खर्च केली ती वीस मिनिटे आणि तीन-चार वाक्ये. माझ्या पत्राचा मुद्दा हाच आहे. काम देणे हे संपादकाच्या, प्रकाशकाच्या किंवा जाहिरात संस्थेच्या मर्जीवर आहे आणि ते तसेच असले पाहिजे. परंतु न बोलावता आलेल्या माणसाला उत्तर देणे ही मर्जीची गोष्ट नाही, ते या व्यवसायाचे देणे आहे.

मराठी नियतकालिकांना हे देणे एके काळी ठाऊक होते, आणि त्यासाठी आपल्या भाषेत एक शब्दप्रयोगच तयार झाला होता : ‘साभार परत’. लेखकाने हस्तलिखिताबरोबर आपला पत्ता लिहिलेले, तिकिटे लावलेले पाकीट जोडावे आणि साहित्य पसंत न पडल्यास ते त्या पाकिटातून परत यावे, हा रिवाज इतका रुळलेला होता की लेखक मंडळी आपसांत ‘माझी कथा साभार आली’ एवढेच म्हणत आणि ऐकणाऱ्याला कळत असे. दुःख व्हायचे, पण गोष्ट संपायची. ती कथा दुसरीकडे पाठवायला लेखक मोकळा व्हायचा. ‘सत्यकथा’ मासिकाने तर हा रिवाज फार वर नेला होता. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी नवोदितांच्या कथांवर लिहिलेल्या सविस्तर पत्रांविषयी, पुनर्लेखनाच्या सूचनांविषयी आणि त्यातून घडलेल्या लेखकांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. ते मासिक १९८२ मध्ये बंद पडले. त्या संपादकांच्या आवडीनिवडी सर्वांना मान्य होत्या असे मुळीच नाही. त्यांच्यावर रागावून तरुणांनी स्वतःची अनियतकालिके काढली, तोही आपल्या वाङ्मयाचा इतिहास आहे. पण भांडायलाही समोरून काहीतरी उत्तर आलेले असावे लागते.

नकार चुकीचा असू शकतो, हे मी मान्य करते. आर. के. लक्ष्मण यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता आणि त्यांच्या चित्रांत विद्यार्थी म्हणून घेण्याजोगे कसब नाही, असे त्यांना पत्राने कळवले होते. त्या पत्राचा उल्लेख त्यांनी पुढे अनेकदा केला. ते म्हैसूरला पदवी घेऊन मुंबईस आले, ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये त्यांनी काम केले आणि १९४७ पासून ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्यांनी जे केले ते सर्वांसमोर आहे. ते उत्तर चूक होते, पण ते उत्तर होते; अठरा-वीस वर्षांच्या मुलाला त्यावरून निदान एवढे समजले की हे दार बंद आहे, दुसरे पाहिले पाहिजे. आज त्याच वयाचे मूल ईमेल पाठवते आणि आठ महिने मोबाइल उघडून पाहत राहते.

ही अतिशयोक्ती नाही. गेल्या वर्षी एका कला महाविद्यालयात अंतिम वर्षाच्या मुलांशी बोलायला गेले होते. वर्गात तीस-बत्तीस मुले होती. आपण होऊन कुणाकुणाला काम पाठवले, असे विचारले तेव्हा एकोणीस हात वर झाले. कुणाकुणाला उत्तर आले, असे विचारले तेव्हा दोन. त्यांतले एक उत्तर होते, ‘सध्या बजेट नाही, पण नावासाठी करणार असाल तर सांगा.’ एक मुलगा म्हणाला, “मॅडम, नाही म्हटले असते तरी चालले असते. मेल पोचला की नाही हेच कळत नाही.” हे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही.

संपादकांची बाजू मला माहीत आहे, कारण आता मी त्यांच्या टेबलाच्या त्याच बाजूला बसते. गेल्या हंगामात माझ्याकडे जून ते ऑगस्ट या काळात एकसष्ट जणांनी आपले काम पाठवले. मी वही ठेवते म्हणून आकडा नेमका सांगू शकते. यांतल्या बेचाळीस जणांनी आमचा अंक कधी पाहिलेला नसावा, असे स्पष्ट दिसत होते. ‘आदरणीय सर’ अशी सुरुवात असलेले पत्र, वर प्राप्तकर्त्यांच्या रांगेत माझ्यासह तीस प्रकाशकांचे पत्ते उघडे. म्हणजे ते पत्र माझ्यासाठी लिहिलेलेच नव्हते. काहींनी गूगल ड्राइव्हचा दुवा पाठवला आणि तो उघडला की ‘परवानगी मागा’ अशी पाटी समोर येते. काहींनी ऐंशी चित्रे पाठवली, त्यांत लग्नपत्रिका, गणपती, नटनट्यांची पेन्सिल व्यक्तिचित्रे आणि मोबाइल खेळातले योद्धे असे सगळे. ऐंशी चित्रे पाठवणाऱ्याला स्वतःची निवड करता येत नाही, एवढेच त्यातून मला समजते. काही जण फक्त इन्स्टाग्रामचे पान कळवतात. अंक लावण्याच्या घाईत पान खाली सरकवत बसायला कुणालाही वेळ नसतो. संपादक उत्तर देत नाहीत याचे हे एक खरे कारण आहे आणि मुलांनी ते समजून घेतले पाहिजे.

आता त्याच वहीतली एक नोंद सांगते. हिंगोली जिल्ह्यातल्या एका मुलीचे पत्र आले. पाच चित्रे, सगळी काळ्या शाईची, एकाच पीडीएफमध्ये. पत्र दहा ओळींचे. त्यात तिने लिहिले होते की आमच्या मागच्या वर्षीच्या अंकातल्या दोन कथांची चित्रे कथेचा शेवट आधीच सांगून टाकतात असे तिला वाचताना वाटले, आणि कथेच्या सुरुवातीच्या वातावरणावर चित्र काढले असते तर वाचकाचा विरस झाला नसता. त्या दोनपैकी एक चित्र माझे होते. मी अंक काढून पाहिला. तिचे म्हणणे बरोबर होते. कथेतली विहीर शेवटी महत्त्वाची ठरते आणि मी ती पहिल्याच पानावर, शीर्षकाच्या शेजारी, काढून ठेवली होती. तिला मी त्याच दिवशी फोन केला आणि तीन कथा पाठवल्या. तिने मला शिकवण्याचा आव आणला नव्हता आणि स्तुतीही केली नव्हती. तिने आमचा अंक वाचला होता, एवढेच. न बोलावता येणाऱ्याजवळ याहून चांगले ओळखपत्र असू शकत नाही.

म्हणून तरुण चित्रकारांना माझे सांगणे आहे की जायचे तर त्या घराची माहिती काढून जा. ज्या प्रकाशकाकडे जायचे त्याची गेल्या दोन-तीन वर्षांतली पुस्तके ग्रंथालयात बसून पाहा. मुखपृष्ठकाराचे नाव आतल्या पानावर असते, तेथे कोणाची नावे पुन्हा पुन्हा येतात ते टिपा. एकाच चित्रकाराकडे सगळे काम असेल तर तेथे वाट पाहावी लागेल, चार-पाच वेगवेगळी नावे असतील तर तेथे नव्याला जागा आहे. दिवाळी अंक असेल तर वेळ सांभाळा. गणपतीत पाठवलेल्या चित्रांचा काही उपयोग नाही, कारण तोवर कथा वाटून झालेल्या असतात आणि पाने लागायला सुरुवात झालेली असते. ज्येष्ठ-आषाढात पाठवा, किंवा दिवाळी संपल्यावर कार्तिकात, जेव्हा संपादकाला जरा उसंत असते आणि नुकत्याच निघालेल्या अंकात काय कमी पडले हे त्याच्या डोक्यात ताजे असते. चित्रे सहा ते आठ पुरेत. त्यांत निदान दोन रेषेची असावीत, एखादे अक्षरांकन असावे आणि गर्दीचे एक चित्र असावे, कारण एकटा माणूस सगळेच काढतात, पण एस. टी. स्टँडवरची माणसे किंवा लग्नाची पंगत काढताना हात कळतो. पत्रात आपले शिक्षण चार ओळी लिहिण्यापेक्षा एक चित्र किती दिवसांत देऊ शकता ते लिहा. आणि पंधरा दिवसांनी एकदा, दुपारी तीन-चारच्या सुमारास, फोन करा. एकदा फोन करणे हा लोचटपणा नाही.

समक्ष जाण्याची पद्धत आता गेली, असे मुले म्हणतात. पूर्णपणे गेलेली नाही. मुंबईत मोठ्या संस्थांच्या फाटकावर सुरक्षारक्षक अडवतो हे खरे आहे. पण पुण्या-कोल्हापूर-नागपूरच्या प्रकाशकांची दुकाने अजून रस्त्यावर आहेत आणि तेथे दुपारी मालक स्वतः बसलेले असतात. छापलेला नमुना हातात घेऊन पाहण्याची सवय असलेली ती पिढी आहे. पडद्यावर चित्र पाहून ज्यांनी काही म्हटले नाही, त्यांनीच तेच चित्र कागदावर पाहून ‘हे कुणी केले?’ असे विचारल्याचे मी पाहिलेले आहे.

आता या व्यवहारातल्या सगळ्यांत दुखऱ्या जागेविषयी लिहिते. न बोलावता आलेला माणूस गरजू आहे हे समोरच्याला दिसते, आणि मग मागणी येते : ‘आधी एक मुखपृष्ठ करून दाखवा, आवडले तर बघू.’ म्हणजे पुस्तक खरे, लेखक खरा, पण पैसे मात्र आवडले तरच. नव्वदच्या दशकात एका प्रकाशकांनी मला एका कथासंग्रहासाठी असेच सांगितले होते. मी तीन कच्ची रेखाटने केली. त्यांतले एक असे होते : वरून पाहिलेला दगडी उंबरा, त्यावर डाव्या पायाची एकच चप्पल, बाकी सगळे पान मोकळे. ती तिन्ही त्यांच्याकडे ठेवून आले. प्रत काढून ठेवलेली नव्हती, पोहोच घेतलेली नव्हती. उत्तर आले नाही. आठ महिन्यांनी एका ग्रंथप्रदर्शनात तो संग्रह दिसला. उंबरा तोच, चप्पल तीच, डाव्याच पायाची, आणि आत नाव दुसऱ्याचे. मी पुस्तक हातात घेऊन तेथे किती वेळ उभी राहिले ते सांगता येणार नाही. शेवटी विकत घेऊन घरी आले. ते अजून माझ्या कपाटात आहे. त्या चित्रकाराला मी दोष देत नाही; त्याला बहुधा माझे रेखाटन हातात देऊन ‘असे काहीतरी करा’ एवढेच सांगितले असेल. मी भांडले नाही, कारण माझ्याजवळ दाखवायला एक कागदही नव्हता.

कायदा मला नंतर समजला आणि तो प्रत्येक तरुण चित्रकाराने समजून घ्यावा म्हणून येथे थोडक्यात लिहिते. भारतात कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. त्याप्रमाणे चित्र काढले की त्याचा हक्क काढणाऱ्याकडे आपोआप येतो, ते छापलेले असण्याची किंवा नोंदवलेले असण्याची गरज नसते. नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही; ‘उंबऱ्यावर चप्पल’ ही कल्पना कुणाचीही असू शकते, पण मी ती ज्या रचनेत कागदावर उतरवली ती रचना माझी असते. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनेच देता येतो, आणि त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरला जातो. यात एक बारीक गोष्ट आहे, जी फार थोड्यांना ठाऊक असते. कुणी मोबदला देऊन, सांगून रंगचित्र किंवा छायाचित्र करून घेतले, तर वेगळा करार केलेला नसल्यास त्याची पहिली मालकी सांगणाऱ्याकडे जाऊ शकते. याउलट आपण होऊन केलेले, कुणी न मागितलेले चित्र पूर्णपणे आपलेच असते. म्हणजे जो न बोलावता येतो त्याच्या फोल्डरातली प्रत्येक वस्तू कायद्याने त्याची आहे. त्याने ती सांभाळावी एवढेच. मूळ चित्र कुठेही ठेवून येऊ नये, प्रत द्यावी. ईमेलने पाठवावे म्हणजे तारखेची नोंद आपोआप राहते. आणि खास एखाद्या पुस्तकासाठी नमुना मागितला तर आधी लेखी विचारावे की या नमुन्याचे किती देणार. नापसंत नमुन्याचेही काही मानधन देणारे प्रकाशक मराठीत आहेत. त्यांच्याकडे काम करताना मन लागते, कारण आपला वेळ त्यांनी मोजला आहे हे आपल्याला माहीत असते.

काही संपादक मित्र मला म्हणतात की तुझे ठीक आहे, तुझ्याकडे साठ पत्रे येतात, आमच्याकडे कथा-कविता धरून काही शेकडा येतात, प्रत्येकाला उत्तर देत बसलो तर अंक कधी काढणार? मला हा प्रश्न प्रामाणिक वाटतो, म्हणून त्याचे उत्तर स्वतःच्या हिशेबाने देते. मी तीन मजकूर लिहून ठेवले आहेत. एक नकाराचा, दोन ओळींचा. एक ‘काम चांगले आहे, या वर्षी जागा नाही, पुढच्या जूनमध्ये पुन्हा पाठवा’ असा. एक भेटीसाठी बोलावण्याचा. रविवारी सकाळी तासभर बसून मी त्या आठवड्याची सगळी उत्तरे पाठवते. जेथे एखादी गोष्ट विशेष जाणवते तेथे माझे एक वाक्य जोडते, उदाहरणार्थ ‘हात आणि पायांचा अभ्यास वाढवा, चेहरे चांगले आहेत’. गेल्या वर्षीच्या एकसष्ट जणांपैकी चार जणांना काम देता आले, नऊ जणांना पुन्हा पाठवायला सांगितले आणि अठ्ठेचाळीस जणांना नाही म्हटले. त्या अठ्ठेचाळिसांपैकी सव्वीस जणांनी उलट आभाराचे पत्र पाठवले. नकाराबद्दल आभार! पूर्वी हे मला विचित्र वाटले असते. आता वाटत नाही, कारण त्यांच्यातल्या अनेकांनी लिहिले होते की आलेले हे पहिलेच उत्तर.

दुसरा आक्षेप असा येतो की आता यंत्राकडून चित्र मिनिटात मिळते, मग नवख्यांना शिकवत कोण बसणार. याविषयी स्वतंत्र पत्र लिहावे लागेल. येथे एवढेच म्हणते की १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचकाने दिवाळी अंक वाचण्याआधी चाळला आहे, आणि चाळताना तो चित्रावर थांबला आहे. मडगावहून आलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला तेव्हा लोकांनी त्यांची मुखपृष्ठे कापून चौकटीत लावली. चित्र पाहून ‘हे अमक्याचे’ असे घरातली आजीसुद्धा सांगत असे. रेषेवरून माणूस ओळखू येण्यासाठी त्या माणसाला वीस वर्षे काम मिळत राहावे लागते, आणि त्या वीस वर्षांतला पहिला दिवस बहुधा कुणाच्या तरी दारात न बोलावता उभे राहण्याचा असतो.

माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक दिवाळी अंकाने, नियतकालिकाने आणि प्रकाशकाने आपल्या श्रेयनामावलीच्या पानावर दोन ओळी छापाव्यात. चित्रांचे नमुने कुठल्या पत्त्यावर आणि कुठल्या तारखेपर्यंत पाठवावेत, ही पहिली. आणि किती दिवसांत उत्तर मिळेल, ही दुसरी. नवे काम नको असेल तर तसे छापावे, तेही उत्तरच आहे. जाहिरात संस्थांनी महिन्यातली एक दुपार फोल्डर पाहण्यासाठी राखून ठेवावी आणि ती आपल्या संकेतस्थळावर लिहावी. कला महाविद्यालयांनी अंतिम वर्षात मुलांना निदान एकदा प्रत्यक्ष प्रकाशकाकडे, छापखान्यात पाठवावे आणि काम मागण्याचे पत्र कसे लिहितात हे, रंगसंगती शिकवतात तितक्याच गांभीर्याने, शिकवावे.

आमच्या अंकाच्या संपादकांशी मी गेल्या आठवड्यात याविषयी बोलले. त्यांनी पान काढून जागा मोजली. वर्गणीच्या चौकटीखाली अडीच सेंटिमीटर मोकळे आहेत. या वर्षीपासून त्या दोन ओळी तेथे छापल्या जातील. पुढच्या वर्षीच्या चित्रांसाठी ३० जून ही तारीख ठरली आहे, आणि उत्तर एकवीस दिवसांत जाईल.

आपली विश्वासू,
एक व्यावसायिक चित्रकार, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)